प्रवासाहून आल्यावर ताप आणि पुरळ: आधी तारखा मोजा

उष्ण देशांतून परत येऊन आठवडा-दोन आठवडे झालेले असतात. रात्री थंडी वाजून ताप भरतो, सकाळी अंग पुसताना छाती-पोटावर तांबूस ठिपके दिसतात. मग मोबाइलवर फोटो काढला जातो आणि ओळखीच्या डॉक्टरांकडे जातो: "हे पुरळ कसलं असेल हो?"

प्रश्न साहजिक आहे. पण नुसत्या फोटोवरून त्याचे खात्रीचे उत्तर कुणालाच देता येत नाही. डेंग्यू, झिका, गोवर, रुबेला, एखाद्या गोळीची ॲलर्जी, नुकताच झालेला एचआयव्हीचा संसर्ग, या सगळ्यांचे पुरळ अगदी सारखे दिसू शकते: तांबूस, बारीक, काही ठिपके सपाट तर काही किंचित उंच. आजार शेकडो आहेत आणि त्वचेला ते दाखवायच्या तऱ्हा मोजक्याच आहेत. म्हणून प्रवासाहून आलेल्या माणसाचा ताप पाहताना अनुभवी डॉक्टर आधी कॅलेंडर उघडतात, मग नकाशा. त्यानंतर अख्खी त्वचा पाहतात, आणि कोणती तपासणी करायची ते सगळ्यात शेवटी ठरवतात. हा क्रम ऐकायला उलटा वाटतो, पण बहुतेक वेळा तोच लवकर पोहोचवतो.

दोन गोष्टींना मात्र थांबायला वेळ नसतो

पहिली गोष्ट हिवताप, म्हणजे मलेरिया. मलेरियात सहसा पुरळ येत नाही. हे वाक्य खरे आहे आणि त्यानेच घात होतो. पुरळ आहे, म्हणजे मलेरिया नसणार, असे धरून चालले की माणूस भलत्याच वाटेने जातो. अंगावर घामोळे असेल, डास चावून उठलेल्या गांधी असतील, वाटेत घेतलेल्या अँटिबायोटिकची रिॲक्शन असेल, आणि त्याच वेळी रक्तात मलेरियाचे परजीवीही असतील. त्यातला फॅल्सिपेरम हा प्रकार धडधाकट माणसालाही एक-दोन दिवसांत अत्यवस्थ करू शकतो. प्रवाशांच्या आजारांची नोंद ठेवणारे जिओसेंटिनल नावाचे दवाखान्यांचे जाळे १९९५ पासून जगभर काम करते. त्यांनी १९९७ ते २००६ या काळातल्या सुमारे २५ हजार आजारी प्रवाशांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा २८ टक्के लोक तापासाठी आलेले होते आणि त्या तापकऱ्यांपैकी २१ टक्क्यांना मलेरिया निघाला. पाचात एक. म्हणून मलेरिया असलेल्या भागातून आलेल्या कुठल्याही तापात, पुरळ असो वा नसो, रक्ताची काच, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली, त्याच दिवशी पाहायची. पहिली निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असे नाही. १२ ते २४ तासांच्या अंतराने एकूण ३ वेळा पाहायची. "प्रतिबंधक गोळ्या नेमाने घेतल्या होत्या" असे रुग्ण म्हणाला तरी ही तपासणी सोडायची नाही.

दुसऱ्या गोष्टीसाठी काचेचा साधा पेला पुरतो. पारदर्शक पेल्याची बाजू ठिपक्यांवर घट्ट दाबा आणि काचेतून पाहा. साध्या पुरळात त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. दाब दिला की त्यांतले रक्त बाजूला सरते आणि ठिपका फिका पडतो. रक्त वाहिनीबाहेर झिरपलेले असेल तर दाबाने ते कुठे जाणार? ठिपका तसाच लाल-जांभळा राहतो. ताप आहे, ठिपके विरत नाहीत, मान आखडली आहे, उजेड सहन होत नाही, हातपाय गार पडले आहेत किंवा माणूस असंबद्ध बोलतो आहे, अशा वेळी मेनिंगोकॉकस या जिवाणूचा संशय धरून तडक रुग्णालय गाठायचे. तिथेही रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू होते, कारण हा आजार काही तासांत जीव घेऊ शकतो. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: या आजारात अगदी सुरुवातीचे ठिपके दाबल्यावर विरतातही. त्यामुळे माणूस खालावत चालला असेल तर पेल्याच्या परीक्षेवर विसंबून घरी बसू नये.

मेनिंगोकॉकसचा प्रवासाशी जुना संबंध आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेत आडवा पसरलेला पट्टा त्यासाठी ओळखला जातो. २००० साली हज यात्रेकरूंमध्ये आणि परतल्यावर त्यांच्या घरच्यांमध्ये डब्ल्यू-१३५ प्रकारच्या जिवाणूची साथ आली होती. हजला जाणाऱ्यांना आता या प्रकारासह ४ प्रकारांवर चालणारी लस सक्तीची आहे, ती यामुळेच.

न विरणारे ठिपके दिसले म्हणजे हाच आजार, असे मात्र नाही. डेंग्यूत प्लेटलेट घटल्यावर, गोचिडीच्या तापात, रक्तस्रावी विषाणुज्वरांत, नुसत्या जोरदार खोकल्यानंतर चेहऱ्यावर, असे ठिपके कुठेही येऊ शकतात. पण ते वेगळे करण्याचे काम रुग्णालयातले.

दिवसांचा हिशेब

जंतू शरीरात शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत जो काळ जातो त्याला अधिशयन काळ म्हणतात. प्रत्येक आजाराचा हा काळ साधारण ठरलेला असतो, आणि माझ्या मते अख्ख्या निदानात याच्याइतके स्वस्त आणि धारदार हत्यार दुसरे नाही.

त्यासाठी ३ तारखा लागतात: त्या भागात पाऊल ठेवले तो दिवस, तिथून निघाला तो दिवस आणि ताप सुरू झाला तो दिवस. समजा एक माणूस १ तारखेला पोहोचला, १० तारखेला निघाला आणि २८ तारखेला त्याला ताप आला. संसर्ग अगदी शेवटच्या दिवशी झाला असे धरले तरी मध्ये १८ दिवस गेलेले आहेत. पहिल्या दिवशी झाला असेल तर २७. म्हणजे ज्या आजाराचा अधिशयन काळ १८ ते २७ दिवसांत बसतो, तेवढेच आजार शिल्लक राहतात.

आता चाळण लावू. डेंग्यू साधारण ४ ते १० दिवसांत दिसतो, फार तर १४. बाद. चिकनगुनिया बहुधा ३ ते ७ दिवसांत, जास्तीत जास्त १२. बाद. झिका १४ दिवसांच्या आत. बाद. आफ्रिकेतला गोचिडीचा ताप ५ ते १० दिवसांत येतो, तोही बाद. डासांचे तिन्ही प्रसिद्ध विषाणू रक्ताचा थेंबही न काढता यादीतून गेले. उरले कोण? मलेरिया, जो ७ दिवसांनंतर कधीही येऊ शकतो. टायफॉइड, ज्याला ६ ते ३० दिवस लागतात. लेप्टोस्पायरोसिस, २ ते ३० दिवस. स्क्रब टायफस, ६ ते २१ दिवस. गोवर, ज्याचे पुरळ संसर्गानंतर साधारण २ आठवड्यांनी आणि उशिरात उशिरा ३ आठवड्यांनी उठते. एचआयव्हीचा पहिला ताप, २ ते ४ आठवडे. रस्ता एकदम अरुंद झाला.

उलट बाजूनेही हिशेब चालतो. पोहोचून तिसऱ्याच दिवशी ताप आला तर तो तिथला मलेरिया नाही, तो बहुधा निघण्याआधीच अंगात शिरलेला काहीतरी आहे किंवा विमानातला फ्लू आहे. इबोला, मारबर्ग, लासा या भीतिदायक तापांची मर्यादा २१ दिवसांची. तो भाग सोडून २१ दिवस उलटल्यावर ताप सुरू झाला असेल तर त्यांची काळजी सोडता येते. ही केवढी सुटका आहे ते अशा रुग्णाच्या नातेवाइकांना विचारावे.

या हिशेबात एक खाच आहे. परत आल्यानंतर माणूस कुठे गेला, तेही विचारावे लागते. मधल्या काळात आणखी एक छोटा प्रवास झालेला असतो, घरात कुणी गोवराने आजारी असते, आणि सगळे खापर मात्र लांबच्या सफरीवर फुटते.

नकाशा, आणि न सांगितलेल्या गोष्टी

"कुठे गेला होतात?" याला देशाचे नाव हे उत्तर पुरत नाही. त्याच देशात राजधानीतल्या उंच इमारतीत ४ दिवस बैठका केलेला माणूस आणि नदीकाठच्या खेड्यात तंबूत झोपलेला माणूस यांचे आजार वेगळे. पावसाळा होता की कोरडा हंगाम, ठिकाण समुद्रसपाटीला होते की डोंगरावर, हेही लागते. नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांकडे विशेष लक्ष द्यायला हवे. आपल्याच माणसांकडे जातो आहोत, तिथले हवापाणी अंगाला सवयीचे आहे, असे समजून ते लस घेत नाहीत, मलेरियाच्या गोळ्या घेत नाहीत, मुक्काम लांबवतात. मलेरिया आणि टायफॉइड त्यांच्यात पर्यटकांपेक्षा जास्त आढळतात.

मग "काय काय केलंत?" हा प्रश्न. २००० साली बोर्निओतल्या सबा प्रांतात साहसी शर्यत झाली होती. जंगल, गुहा, नदी असा मार्ग होता. खेळाडू आपापल्या देशांत परतले आणि ठिकठिकाणच्या दवाखान्यांत तापाचे रुग्ण येऊ लागले. ३०४ स्पर्धकांपैकी १८९ जणांशी संपर्क झाला, त्यांतल्या ८० जणांची लक्षणे लेप्टोस्पायरोसिसच्या व्याख्येत बसली. धागा निघाला तो सेगामा नदीत पोहण्याशी. पूर आलेल्या नदीच्या पाण्यात जनावरांच्या लघवीतून आलेले जंतू होते. एकेका डॉक्टरासमोर मात्र अंगदुखी, ताप आणि लाल डोळे असलेला एकेकटा माणूस बसला होता. "नदीत उतरला होतात का?" हे ज्याने विचारले त्याला निदान सापडण्याची शक्यता होती. या आजारात डोळे येतात तसे चिपडत नाहीत, नुसते लालभडक होतात. ही खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

गोड्या पाण्याचीच दुसरी गोष्ट. मलावी सरोवरासारख्या आफ्रिकेतल्या तळ्यांत पोहताना शिस्टोसोमा नावाच्या कृमीची सूक्ष्म पिल्ले त्वचेतून आत शिरतात. त्या वेळी जेमतेम खाज येते आणि माणूस विसरून जातो. काही आठवड्यांनी, बहुधा ३ ते ८, ताप येतो, कोरडा खोकला लागतो आणि अंगावर पित्त उठते. या तापाला जपानमधल्या कातायामा या भागाचे नाव आहे. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी भरमसाट वाढलेल्या दिसतात, आणि ताप, पित्त, वाढलेले इओसिनोफिल या तिघांची गाठ पडली की तळ्यात पोहल्याची आठवण काढायची.

गुहांबद्दलही विचारावे. युगांडातल्या मारामागांबो जंगलात वटवाघळांनी भरलेली एक गुहा आहे, पायथन केव्ह नावाची. २००८ साली ती पाहून परतलेली एक डच पर्यटक मारबर्ग विषाणूने दगावली. त्याच गुहेत काही महिने आधी, डिसेंबर २००७ मध्ये, जाऊन आलेली एक अमेरिकी महिला तापाने आजारी पडून बरी झाली होती, पण तिच्या आजाराचे नाव कुणाला कळले नव्हते. डच महिलेची बातमी वाचून तिने स्वतःहून पुन्हा तपासणी मागितली आणि मारबर्गचे निदान तेव्हा झाले. तो दुवा डॉक्टरांच्या आधी रुग्णाला दिसला.

आणि एक प्रश्न जो दोन्ही बाजूंना अवघड वाटतो: प्रवासात नव्या जोडीदाराशी शरीरसंबंध आला का? तो सरळ, आवाज न बदलता, सोबत आलेल्यांना बाहेर बसवून विचारायला हवा. नुकत्याच झालेल्या एचआयव्हीच्या संसर्गात ताप, घसा दुखणे, मानेत गाठी, तोंडात छाले आणि छातीवर पुरळ येते. दोन आठवड्यांत सगळे आपोआप ओसरते आणि "व्हायरल होता" म्हणून विषय मिटतो. सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यातले पुरळ तळहात-तळपायांवरही येते. एमपॉक्सचे (आधीचे नाव मंकीपॉक्स) फोड अनेकदा गुप्तांगाच्या आसपास सुरू होतात. या तिन्ही आजारांत वेळेवर कळले तर रुग्णाचे आणि त्याच्या जोडीदाराचे पुष्कळ काही वाचते. लाजेपायी न विचारलेला प्रश्न इथे महाग पडतो.

कपडे बाजूला करून पाहा

समजा एक जण आशियातल्या डोंगराळ, झुडपी भागात पायी हिंडून आला आहे. ८ दिवस ताप, डोके फुटेल असे दुखते, अंगावर पुसटसे पुरळ. मलेरियाच्या ३ काचा निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, अँटिबायोटिकने फरक नाही. त्याला शर्ट-पँट उतरवून चांगल्या उजेडात उभे केले. काखेत, कानामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, गुडघ्यामागे पाहिले. काही नाही. शेवटी जांघेच्या घडीत सापडते: साधारण एक सेंटीमीटरची काळी, कोरडी खपली, भोवती लाल कडे, जणू विझती सिगारेट टेकवली असावी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून त्याला स्वतःलाही तिचा पत्ता नाही. शेजारी अवधाण आलेले.

ही खपली म्हणजे स्क्रब टायफसची सही. चिगर, म्हणजे एका बारीक किड्याचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे पिल्लू, जिथे चावले तिथली कातडी मरून काळी पडलेली असते. आजाराच्या जंतूचे नाव ओरिएंशिया त्सुत्सुगामुशी. जपानी भाषेत मुशी म्हणजे किडा. डॉक्सिसायक्लिन सुरू केले की बहुधा ४८ तासांत ताप उतरतो. न ओळखता राहिले तर फुप्फुसे, मूत्रपिंड, मेंदू यांपर्यंत आजार पोहोचतो. किती थोडक्यात सुटणारा आणि किती थोडक्यासाठी हुकणारा आजार! पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन गटातली नेहमीची अँटिबायोटिक्स त्यावर चालत नाहीत, त्यामुळे नुसते "अँटिबायोटिक दिले आहे" याने समाधान मानू नये.

दक्षिण आफ्रिकेकडच्या अभयारण्यांतून सफारी करून आलेल्यांच्या पायांवर अशा एकाहून अधिक खपल्या दिसू शकतात. तिथल्या गवतातल्या गोचिडी चपळ असतात आणि एकाच वेळी अनेक चढतात. तो ताप सहसा सौम्य असतो आणि त्यालाही डॉक्सिसायक्लिन लागू पडते. अमेरिका खंडातला रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर मात्र त्याच कुळातला असूनही मारक आहे. त्याचे ठिपके मनगट-घोट्यांपासून सुरू होऊन तळहात-तळपायांवर येतात, आणि ठिपके येईपर्यंत औषधासाठी थांबायचे नसते.

पुरळाच्या रूपापेक्षा त्याची चाल जास्त सांगते. गोवर कानामागून, केसांच्या कडेपासून सुरू होतो आणि रोज थोडाथोडा खाली उतरत पायांपर्यंत जातो. त्याआधी ३-४ दिवस ताप, नाक गळणे, खोकला, लाल पाणावलेले डोळे, आणि गालांच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. टायफॉइडचे ठिपके याच्या अगदी उलट स्वभावाचे: मोजकेच, फिकट गुलाबी, २ ते ४ मिलिमीटरचे, छातीच्या खालच्या आणि पोटाच्या वरच्या भागावर, तेही आठवडाभर ताप होऊन गेल्यावर. शोधायला गेले तरच दिसतात. पाण्याने भरलेले फोड असतील तर कांजण्या किंवा एमपॉक्स. अंगभर गांधी उठत असतील तर कृमी किंवा ॲलर्जी.

सावळ्या आणि काळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, हे पाठ्यपुस्तकातल्या गोऱ्या त्वचेच्या चित्रांवरून शिकलेल्यांना मुद्दाम सांगावे लागते. तिथे पुरळ गडद तपकिरी, राखाडी किंवा जांभळट दिसते, कधी फक्त बोटांना खरखर लागते. म्हणून हात फिरवून पाहावे. तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू, टाळू इथे रंग कमी असतो. न विरणारे ठिपके तिथे पहिल्यांदा सापडू शकतात.

आणि गोवराबद्दल आणखी एक. तो उष्ण देशांचा खास आजार नाही, पण प्रवासात हमखास गाठणाऱ्यांपैकी आहे. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू हवेत २ तासांपर्यंत राहतो, आणि पुरळाच्या ४ दिवस आधीपासून ४ दिवस नंतरपर्यंत रुग्णापासून इतरांना लागण होते. ताप आणि पुरळ घेऊन दवाखान्यात जाताना आधी फोन करून सांगावे, मास्क लावावा, गर्दीच्या खोलीत बसू नये. तिथे लस न घेतलेले तान्हे बाळ असू शकते, गरोदर बाई असू शकते.

एकाच डासाची तीन लेकरे

डेंग्यू, चिकनगुनिया आणि झिका तिन्ही दिवसा चावणाऱ्या एडिस डासाने पसरतात, तिन्हींत ताप आणि पुरळ असते. पण प्रत्येकात घाबरण्याची जागा वेगळी.

चिकनगुनियात सांधे धरतात. बोटे, मनगटे, घोटे सुजतात, पेला उचलता येत नाही. १९५२ साली आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात साथ आली, तेव्हा माकोंडे लोकांच्या भाषेतून हे नाव आले. अर्थ साधारण असा: जो माणसाला वाकवून टाकतो. सांधेदुखी महिनोन्महिने रेंगाळू शकते. झिका, जो १९४७ साली युगांडातल्या झिका जंगलात पहिल्यांदा सापडला, त्यात ताप जेमतेम, खाज मात्र फार आणि डोळे लाल. मोठ्या माणसाला तो फारसा त्रास देत नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूला मात्र तो इजा करतो आणि शरीरसंबंधातूनही पसरतो, त्यामुळे स्वतः किंवा जोडीदार गरोदर आहे का, हा प्रश्न टाळता येत नाही.

डेंग्यूत सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ताप उतरणे. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप खाली येतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमके त्याच १-२ दिवसांत रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपून रक्तदाब ढासळू शकतो. पोटात कळा, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे, अतिशय ग्लानी किंवा अस्वस्थता: ताप नसला तरी यातले काही दिसताच रुग्णालय. बरे होताना उठणारे पुरळ मात्र दिसायला भयंकर आणि अर्थाने शुभ असते: पाय लालभडक आणि त्यात मधेमधे साध्या त्वचेची पांढरट बेटे, खाज सुटलेली. निदान पक्के होईपर्यंत तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावे, तेही ठरल्या मात्रेत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो.

रिपोर्टला तारीख असते

तपासणी बरोबर असूनही चुकीच्या दिवशी केली तर खोटे बोलते. डेंग्यूची एनएस-१ तपासणी, जी विषाणूचाच अंश शोधते, तापाच्या पहिल्या ५-७ दिवसांत कामाची; शरीराने बनवलेली प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम साधारण पाचव्या दिवसापासून. तिसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आली तर त्याला काही अर्थ नाही. शिवाय डेंग्यू, झिका आणि पीतज्वर एकाच घराण्यातले विषाणू आहेत. पीतज्वराची लस घेतलेल्या माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडे डेंग्यूच्या तपासणीला फसवू शकतात, म्हणून लसीकरणाचे कार्ड सोबत हवेच. टायफॉइडसाठी विडाल तपासणी बेभरवशाची आहे. रक्ताचे कल्चर करावे, म्हणजे रक्तातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहावेत, आणि ते अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. एचआयव्हीच्या नुसत्या प्रतिपिंडांची तपासणी पहिल्या आठवड्यांत निगेटिव्ह येऊ शकते. विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडे दोन्ही पाहणारी तपासणी मागावी लागते, तीही लवकरची असेल तर पुन्हा करावी लागते.

साध्या सीबीसीकडे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीकडे, दुर्लक्ष नको. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घटलेल्या असतील तर डेंग्यू किंवा मलेरिया, इओसिनोफिल वाढलेले असतील तर कृमी किंवा औषधाची रिॲक्शन, असा कल त्यातून लगेच दिसतो.

औषधाच्या रिॲक्शनचे नाव यादीत खाली येते, पण अनेकदा उत्तर तिथेच निघते. मलेरियाच्या गोळ्या, सल्फा, वेदनाशामके, तिथल्या औषध दुकानातून घेतलेली काहीबाही पाकिटे, सगळी समोर मांडावीत. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्याला उन्हाने नेमके उघड्या भागावर लाल चट्टे उठतात. घड्याळाच्या पट्ट्याखालची त्वचा स्वच्छ राहिलेली दिसली की कोडे सुटते.

दवाखान्यात जाताना एका कागदावर एवढे लिहून न्यावे: निघाल्याची, पोहोचल्याची, परतल्याची तारीख, मुक्कामाची गावे, वाटेत बदललेली विमाने, तापाचा पहिला दिवस, पुरळाचा पहिला दिवस, ते कुठून सुरू होऊन कुठे गेले, पाणी, गुहा, जनावरे, चावे, गोळ्या आणि लसी. पुरळाचे रोज एक छायाचित्र, त्याच जागेचे, त्याच उजेडात. चौथ्या दिवशी डॉक्टरांना भेटलात तर पहिल्या दिवसाचे पुरळ त्यांना तिथेच पाहायला मिळेल.

हा कागद नंतरही जपून ठेवावा. व्हायव्हॅक्स आणि ओव्हेल या मलेरियाच्या प्रकारांत परजीवी यकृतात निद्रिस्त राहतात आणि काही महिन्यांनी, क्वचित वर्ष उलटल्यावरही, पुन्हा रक्तात उतरतात. तोवर प्रवास विसरलेला असतो, डॉक्टर कदाचित दुसरे असतात, आणि "गेल्या वर्षी मी तिकडे गेलो होतो" हे सांगणारे रुग्णाशिवाय कुणीच नसते.